गळ्यातील ग्रंथी आणि चिमूटभर मीठ

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी पाककृती, ओव्या, सहलींची वर्णने आणि थोर स्त्रियांची चरित्रे येतात. यंदा मी जरा निराळा विषय घेतला आहे. आपल्यातल्या कितीतरी भगिनी सकाळी उठल्यावर चहाच्या आधी एक बारीकशी गोळी घेतात. ‘थायरॉईडची गोळी’ हे शब्द आता हळदीकुंकवाच्या बैठकीतही ऐकू येतात. पण ही थायरॉईड म्हणजे काय, तिचे काम माणसाला कसे उमगले, आणि आपल्या स्वयंपाकघरातील मिठाच्या बरणीशी तिचे काय नाते आहे, हे फारच थोड्या जणींना ठाऊक असते. मी सातवीपर्यंत शिकलेली. मुलीचे शास्त्राचे पुस्तक चाळता चाळता मला या विषयाची गोडी लागली. पुढे वाचनालयातून पुस्तके आणली, ओळखीच्या डॉक्टरबाईंना विचारून विचारून भंडावले. त्यातून जे समजले, ते आपल्या घरगुती भाषेत सांगते.

आपल्या शरीरात निरनिराळ्या ग्रंथी आहेत. काहींना नळी असते. लाळेच्या ग्रंथीतून लाळ नळीवाटे तोंडात येते, हे त्याचे उदाहरण. पण दुसऱ्या काही ग्रंथींना नळीच नसते. त्या आपला रस सरळ रक्तात सोडतात आणि तो रक्ताबरोबर सर्व शरीरभर जातो. त्यांना अंतःस्रावी ग्रंथी म्हणतात आणि त्यांच्या रसाला संप्रेरक, म्हणजेच हार्मोन. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका असते, गळ्यात थायरॉईड, जिला मराठीत अवटू ग्रंथी म्हणतात, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी आणि स्त्रियांच्या ओटीपोटात अंडाशय. पोटातले स्वादुपिंड दोन्ही कामे करते. ते पाचक रस नळीने आतड्यात सोडते आणि साखरेचा बंदोबस्त करणारे इन्सुलिन रक्तात सोडते. वाढ, भूक, झोप, मासिक पाळी, गर्भ राहणे, अंगावर दूध येणे, या सर्व गोष्टी अशा रसांच्या हुकमतीत चालतात.

शरीराच्या एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाला फक्त नसांतून जातो, अशी पूर्वी विद्वानांची समजूत होती. १९०२ साली लंडनमध्ये विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग या दोघांनी ती खोटी ठरविली. स्टार्लिंगची बहीण बेलिस यांना दिलेली होती, म्हणजे हे दोघे नात्याने मेहुणे. त्यांनी एका कुत्र्याच्या आतड्याच्या तुकड्याच्या नसा कापल्या आणि त्यात आम्ल सोडले. नसांचा संबंध तुटलेला असूनही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याच्या आतल्या अस्तराचा अर्क काढून तो रक्तात टोचला, तेव्हाही तेच घडले. अर्थात निरोप रक्तातून जात होता. १९०५ मध्ये स्टार्लिंग यांनी अशा रसांना ‘हार्मोन’ हे नाव दिले. ‘चेतविणे’ अशा अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते घेतले आहे. आपला ‘संप्रेरक’ म्हणजे प्रेरणा देणारा. दोन्ही भाषांत अर्थ जवळजवळ एकच आहे.

परंतु नाव मिळण्याच्या कितीतरी आधीपासून गळ्यातली ही ग्रंथी माणसांच्या डोळ्यांवर येत होती, कारण ती सुजली की लपत नाही. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत गलगंडाचे वर्णन आहे. युरोपात आल्प्सच्या डोंगराळ मुलुखात, आणि आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याच्या लांबलचक पट्ट्यात, गळ्याला गोळा आलेली माणसे गावोगाव दिसत. त्याच गावांत काही मुले जन्मतःच मुकी, बहिरी, ठेंगणी आणि मंदबुद्धीची निपजत. या दोन गोष्टींचा संबंध आहे, हे लोकांच्या लक्षात आले होते. कारण मात्र कोणाला उमगले नव्हते.

ग्रंथीचे खरे काम पहिल्याने कळले, ते एका दुःखद प्रसंगातून. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरी टेओडोर कोखर नावाचे नामांकित शस्त्रवैद्य होते. गलगंड कापून काढण्यात त्यांचा हात इतका बसला होता की, पूर्वी जिथे रोगी टेबलावरच दगावत, तिथे ते सुखरूप घरी जाऊ लागले. सूज पुन्हा येऊ नये म्हणून ते काहींची ग्रंथी पूर्णच काढून टाकीत. १८७४ मध्ये त्यांनी एका ११ वर्षांच्या मुलीची ग्रंथी अशीच काढली. तिची एक धाकटी बहीण होती आणि दोघी इतक्या सारख्या दिसत की लोक एकीला दुसरी समजत. नऊ वर्षांनी धाकटी चांगली उफाड्याची तरुणी झाली होती आणि थोरली मात्र बुटकी, सुजट आणि मंद राहिली होती. कोखर यांनी आपल्या जुन्या रोग्यांना बोलावून तपासले, तेव्हा बहुतेकांची तीच अवस्था आढळली. १८८३ मध्ये त्यांनी हे भर सभेत उघडपणे मांडले आणि पूर्ण ग्रंथी काढणे बंद केले. पुढे १९०९ साली याच ग्रंथीवरील कामाबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या ज्ञानाची किंमत त्या मुलीने मोजली, हे आपण विसरू नये.

आठ वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडमधल्या न्यूकॅसल गावी जॉर्ज मरे या तरुण डॉक्टरांनी विचार केला की, ग्रंथीचा रस नसल्यामुळे माणूस असा होत असेल, तर तो रस बाहेरून दिला तर? त्यांच्याकडे ४६ वर्षांची एक बाई होती. ती सुजलेली, थंडीने गारठणारी आणि सावकाश बोलणारी होती. मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क काढून तिला टोचला. काही आठवड्यांत तिची सूज ओसरली, बोलणे सुधारले, ती हिंडू-फिरू लागली. पुढच्याच वर्षी ही ग्रंथी पोटात घेतली तरी चालते, असे दिसून आले. ती बाई आणखी २८ वर्षे जगली आणि १९१९ मध्ये वारली. तेवढ्या काळात तिच्यासाठी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या, असा हिशेब नमूद आहे. आज आपल्या भगिनी जी गोळी घेतात, तिची सुरुवात तेथे आहे.

हे वाचताना मला माझ्या थोरल्या जाऊबाई आठवल्या. मी लग्न होऊन घरात आले, तेव्हा त्यांचे दुसरे बाळंतपण होऊन वर्ष लोटले होते. वैशाखातही त्या अंगावर शाल ओढून बसत. केस झडत, चेहरा फुगलेला, चार पायऱ्या चढल्या की दम लागे, दुधावर लक्ष ठेवायला सांगितले तर ते उतू जाई. घरची मोठी माणसे म्हणत, “हिच्या अंगात आळस भरला.” कोणी म्हणे दृष्ट लागली, कोणी म्हणे माहेरी लाडावलेली. त्या काही न बोलता ऐकून घेत आणि मागच्या दारी जाऊन डोळे पुसत. पुढे तालुक्याच्या एका डॉक्टरबाईंनी गळ्याला हात लावून पाहिला, रक्त तपासायला पाठविले आणि गोळी सुरू केली. चार-पाच महिन्यांनी त्याच जाऊबाई पहाटे उठून अंगणात सडा घालताना दिसू लागल्या. आळस त्यांच्या स्वभावात कधीच नव्हता. ग्रंथीचा रस कमी पडला होता, एवढेच. पण ‘आळशी’ हा शब्द त्यांनी दोन वर्षे सोसला.

आता मिठाकडे येते. १८११ मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कूर्त्वा हे गृहस्थ तोफेच्या दारूसाठी लागणारा सोरा तयार करीत असत. त्यासाठी समुद्रातील शेवाळाची राख वापरीत. एकदा त्या राखेत गंधकाचे आम्ल जास्त पडले आणि जांभळा धूर निघाला. तो धूर म्हणजे एक नवेच मूलद्रव्य होते. ग्रीक भाषेतील जांभळ्या रंगाच्या शब्दावरून त्याला आयोडीन हे नाव मिळाले. जळालेल्या स्पंजाची राख गलगंडावर देण्याची युरोपात फार जुनी चाल होती. जिनिव्हाचे डॉक्टर क्वाँदे यांना वाटले की, त्या राखेतला गुण या आयोडीनचाच असेल. १८२० मध्ये त्यांनी ते औषध म्हणून दिले आणि कित्येकांचे गळे उतरले. पण लोक आपल्या मनाने भरमसाट घेऊ लागले, त्यांना अपाय झाला आणि औषधाचे नाव बदनाम झाले. अति तेथे माती, ही म्हण सगळ्याच देशांना लागू आहे.

१८९५ मध्ये आयगेन बाऊमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांना या ग्रंथीतच आयोडीन सापडले, तेव्हा कोडे सुटू लागले. १९१४ च्या नाताळच्या दिवशी अमेरिकेत एडवर्ड केंडॉल यांनी ग्रंथीतील रसाचे शुद्ध स्फटिक मिळविले. त्या रसाचे नाव थायरॉक्सिन. त्याच्या प्रत्येक कणात आयोडीनचे चार अणू असतात. १९५२ मध्ये जॅक ग्रॉस आणि रोझालिंड पिट-रिव्हर्स या लंडनमधील शास्त्रज्ञ बाईंनी याच ग्रंथीचा दुसरा, तीन आयोडीन अणूंचा आणि अधिक जोरकस रस शोधला. रक्ततपासणीच्या कागदावर टी-फोर आणि टी-थ्री असे छापलेले असते, ते हेच चार आणि तीन.

त्याच कागदावर टी-एस-एच म्हणूनही लिहिलेले असते. तो पीयूषिकेचा रस. पीयूषिका ही घरातल्या दक्ष सासूबाईंसारखी आहे. थायरॉईडचे काम कमी पडले की ती टी-एस-एच वाढवून तिला हाका मारते, आणि काम भागले की गप्प बसते. म्हणून थायरॉईड मंदावली की हा आकडा बहुधा वाढलेला दिसतो. आता आहारात आयोडीनच नसेल, तर बिचारी ग्रंथी रस करणार कशातून? घरात पीठच नाही आणि भाकऱ्या थापायचा हुकूम मात्र सुटतो आहे, अशी तिची गत होते. हाकांमागून हाका येतात आणि ती राबून राबून फुगत जाते. गळ्यावर दिसतो तो गलगंड असा होतो. डोंगराळ मुलुखात हे अधिक, कारण पाऊस, बर्फ आणि पूर यांनी मातीतले आयोडीन धुऊन नेलेले असते. मातीत नाही, म्हणून धान्यात नाही, भाजीत नाही आणि दुधातही नाही.

मोठ्या माणसाला दिवसाला लागते किती, तर १५० मायक्रोग्रॅम, म्हणजे मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी कमी. सत्तर वर्षांच्या आयुष्याचे एकत्र केले तरी चार ग्रॅम भरत नाही, जेमतेम एक चमचा! पण ते एकदम खाऊन चालत नाही. रोज थोडे थोडे मिळावे लागते, आणि गरोदरपणी अधिक. पोटातल्या बाळाची स्वतःची ग्रंथी पहिले काही महिने काम करीत नाही, तोवर ते आईच्याच रसावर वाढते. त्या दिवसांत आईला फार कमी पडले, तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते आणि ती पुढे भरून काढता येत नाही. त्या डोंगराळ गावांतील मुक्या-बहिऱ्या मुलांचे कारण हे होते. त्यात कोणाची करणी नव्हती आणि आईचे पापही नव्हते.

आयोडीन थोडे थोडे दिले तर गलगंड टळतो, हे शाळकरी मुलींनी सिद्ध केले असे म्हटले तरी चालेल. अमेरिकेत ओहायो प्रांतातल्या ॲक्रन गावी डेव्हिड मरीन आणि त्यांचे सहकारी किंबल यांनी १९१७ पासून शाळेतील मुलींना वर्षातून दोनदा आयोडीनचा क्षार दिला. ज्या २,१९० मुलींनी तो घेतला, त्यांपैकी फक्त पाचजणींच्या गळ्याला सूज आली. ज्या २,३०५ मुलींनी घेतला नाही, त्यांपैकी ४९५ जणींना आली. यापेक्षा स्पष्ट पुरावा तो कोणता?

परंतु गोळी घरोघर कोण पोहोचविणार? मीठ मात्र राजाही खातो आणि रंकही, आणि रोज साधारण तेवढेच खातो. स्वित्झर्लंडमध्ये डॉक्टर ओटो बायार्ड यांनी १९१८ मध्ये डोंगरातील एका गावात मिठात आयोडीनचा क्षार मिसळून पाहिला आणि गळे उतरू लागले. १९२२ मध्ये तिथल्या आपेनझेल भागात डॉक्टर एगेनबर्गर यांच्या खटपटीने असे मीठ विक्रीस आले. १९२४ मध्ये अमेरिकेतील मिशिगन प्रांतातही ते दुकानांत मिळू लागले.

आपल्या देशाची कथा कांग्रा खोऱ्यात घडली. तो भाग तेव्हा पंजाबात होता, आता हिमाचल प्रदेशात आहे. डॉक्टर व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून तेथे काम आरंभिले. सुमारे लाखभर वस्तीचे त्यांनी तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ आणि एका भागाला साधे मीठ पुरविले. आरंभी तिन्ही भागांतल्या शाळकरी मुलांत शंभरांत सुमारे ३८ जणांना गलगंड होता. १९६२ पर्यंत आयोडीनचे मीठ खाणाऱ्या दोन भागांत हे प्रमाण निम्म्यावर आणि त्याखाली आले. साध्या मिठाच्या भागात काहीच उतार पडला नाही. मग त्या भागालाही तेच मीठ दिले गेले आणि तेथेही गलगंड कमी झाला. मधली पाच-सहा वर्षे त्या भागातल्या मुलांनी विनाआयोडीन काढली. आपण सर्व त्यांचे ऋणी आहोत. याच कामात असेही दिसले की, पोटॅशियम आयोडेट हा आयोडीनचा प्रकार मिठात चांगले काम देतो. आपल्यासारख्या दमट आणि उष्ण हवेत तो लवकर उडून जात नाही, म्हणून आपल्या मिठात तोच घालतात.

१९६२ मध्ये सरकारने राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. आरंभी ही व्याधी हिमालयाकडचीच समजली जाई. पुढे पाहणी होत गेली, तसे देशाच्या इतर भागांतही आयोडीनची उणीव आढळली. म्हणून १९८० नंतरच्या दशकात सर्वांनाच आयोडीनयुक्त मीठ देण्याचे धोरण ठरले आणि १९९२ मध्ये कार्यक्रमाचे नावही बदलून त्यात आयोडीनच्या अभावाने होणारे सर्वच विकार घेतले गेले. १९९८ मध्ये खाण्यासाठी साधे मीठ विकण्यास देशभर बंदी झाली. लोकांवर सक्ती नको, या विचाराने २००० मध्ये ती उठविण्यात आली. डॉक्टरांनी आणि आरोग्याचे काम करणाऱ्यांनी त्याविरुद्ध आवाज उठविला आणि २००६ मध्ये ती पुन्हा लागू झाली. सक्ती मलाही आवडत नाही. पण पोटातल्या बाळाला निवड करता येत नाही, हे ध्यानात घेतले की माझे मन त्या बंदीच्या बाजूने झुकते.

आता आपल्या स्वयंपाकघरापुरते थोडे. कोकणातल्या मिठागराचे जाडे मीठ समुद्राचे आहे, तेव्हा त्यात आयोडीन असणारच, असे पुष्कळजणी समजतात. तसे नाही. समुद्राचे पाणी आटवून केलेल्या मिठात ते नाममात्र राहते. उपवासाचे सैंधव आणि हल्ली मिळणारे गुलाबी मीठ यांतही मुद्दाम घातल्याशिवाय पुरेसे नसते. तेव्हा रोजच्या मिठाची पुडी घेताना तीवर ‘आयोडीनयुक्त’ असे छापले आहे ना, ते वाचून घ्यावे. आपल्या घरी पोहोचलेल्या किलोभर मिठात किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. मीठ झाकणाच्या कोरड्या बरणीत ठेवावे, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये, ओला चमचा घालू नये. जाडे मीठ धुऊन घेण्याची रीत काही घरांत आहे, त्याने वर लावलेले आयोडीन धुऊन जाते. भाजी-आमटीत मीठ शक्यतो शेवटी घालावे. मात्र आयोडीन हवे म्हणून मीठ वाढवू नये. मोठ्या माणसाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या एका चमच्यापेक्षा, कमीच खावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आणखी एक सांगणे आवश्यक आहे. आयोडीनचे मीठ खाऊनही थायरॉईडचा विकार होऊ शकतो. शरीराची संरक्षक शक्तीच कधी कधी या ग्रंथीवर उलटते. जपानमधील डॉक्टर हकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये अशा चार रोग्यांचे वर्णन केले आणि त्या चारही स्त्रियाच होत्या. हा विकार पुरुषांपेक्षा आपल्यात पुष्कळ अधिक आढळतो. त्याला मीठ हे औषध नव्हे. त्याला तपासणी आणि गोळीच हवी. गोळी अनशापोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा-नाश्ता निदान अर्ध्या तासाने करावा. बरे वाटले म्हणून आपल्या मनाने सोडू नये, आणि दिवस राहिले तर लगेच डॉक्टरांना सांगावे, कारण त्या काळात बहुधा मात्रा वाढवावी लागते. नवजात बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ही ग्रंथी तपासण्याची सोय १९७० नंतरच्या दशकात कॅनडात निघाली. आता ती आपल्याकडेही पुष्कळ ठिकाणी आहे. वेळेवर गोळी सुरू झाली तर अशी मुले इतरांसारखीच वाढतात. सून किंवा लेक बाळंत झाली की या तपासणीची चौकशी जरूर करावी.

काही जिल्ह्यांत आशा कार्यकर्त्यांकडे मीठ तपासण्याचा छोटा संच असतो. मिठावर थेंब टाकला की आयोडीन असल्यास निळा-जांभळा रंग येतो. पुढील वर्षी एखाद्या मासिक सभेला असा संच मिळवून प्रत्येकीने आपापल्या घरचे चमचाभर मीठ पुडीत बांधून आणावे, अशी माझी सूचना आहे. पैसा लागणार नाही आणि मुलींनाही पाहायला मौज वाटेल. तसेच आपल्या आळीत एखादी सून एकाएकी मंद झाली, गारठू लागली, विसरू लागली, तर तिला नावे ठेवण्यापूर्वी तिचे रक्त तपासून घ्यावे, एवढे प्रत्येकीने मनाशी ठरवावे.